नाशिकात सुशी: मासा नंतर, आधी भात बघा

गोदाघाट (धागाकर्ता)

कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या पॅन-एशियन हॉटेलांत मोमो आणि बाओच्या शेजारी आता सुशीचं पान असतं. मंद दिवे, काळी पाटी, वर आठ तुकडे, आणि बिल आल्यावर 'एवढ्याशा भाताचे एवढे?' हा प्रश्न. कोणती जागा चांगली हा या धाग्याचा विषय नाही. शेफ बदलला की जागा बदलते आणि धागा शिळा होतो. टेबलावर बसल्यावर काय बघायचं, काय विचारायचं आणि पैसे कुठे पाण्यात जातात, ते इथे जमवू. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात भाताने करतो.

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात. वर किंवा आत काय आहे ते पुढचं. भाताशिवाय नुसते माशाचे काप आले तर ती साशिमी. त्यामुळे शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. पहिला तुकडा आला की सोयात बुडवण्याआधी नीट बघा. प्रत्येक शीत वेगळं दिसतंय, वर हलकी चकाकी आहे आणि तरी शितं एकमेकांना धरून आहेत, तर भात जमला. शितं चेंगरून लगदा झाला असेल तर पाणी जास्त पडलं किंवा कालवताना घोटला गेला. शिताचा गाभा खडूसारखा पांढरा आणि दाताखाली कणी लागत असेल तर भात फ्रीजमधून आलाय.

ही शेवटची चूक सर्रास दिसते. शिजलेल्या भातातला स्टार्च फ्रीजच्या थंडीत सगळ्यात वेगाने पुन्हा घट्ट होतो. फोडणीच्या भाताला फ्रीजमधला शिळा भात मोकळा पडतो तो याचमुळे. तिथे तो गुण, इथे दोष. दुपारी रोल वळून फ्रीजमध्ये टाकले आणि रात्री कापून वाढले की असा भात मिळतो. सुशीचा भात अंगाइतका कोमट हवा.

प्रमाण माहीत असलं की चव कुठे बिघडली ते कळतं. आखूड दाण्याचा जपानी तांदूळ ४०० ग्रॅम घ्यायचा. पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत चार-पाच वेळा हलक्या हाताने धुवायचा, अर्धा तास भिजवून निथळायचा. एका वाटीला सव्वा वाटीच्या आत पाणी. शिजल्यावर झाकण न उघडता दहा मिनिटं वाफेवर ठेवायचा. त्यात तांदळाचं व्हिनेगर ६० मिली, साखर दोन मोठे चमचे, मीठ एक छोटा चमचा. साखर-मीठ विरघळेपर्यंतच कोमट करायचं, उकळलं की वास उडतो. भात गरम असतानाच पसरट भांड्यात काढून हे मिश्रण शिंपडायचं आणि लाकडी उलथन्याने कापल्यासारखं परतायचं, दुसऱ्या हाताने वारा घालत. गार भातात व्हिनेगर मुरत नाही, तळाशी साचतं. मग एक तुकडा सपक आणि पुढचा आंबटढाण, असं होतं.

आता नोरी. ते समुद्री शेवाळ. कागदासारखं पातळ पसरून वाळवलेलं. पूर्ण पान साधारण २१ बाय १९ सेंटिमीटर. चकचकीत बाजू बाहेर, खरखरीत बाजू भाताला. पाकीट फोडलं की हवेतला ओलावा ओढायला लागतं. जुलै-ऑगस्टात नाशिकच्या दमट हवेत उघडं राहिलेलं पान तासाभरात पापडाऐवजी रबर होतं. कोनासारखा हातात धरायचा तेमाकी मागवलात तर दात लावताच कट्कन तुटला पाहिजे. ओढून तोडावा लागला तर पान शेकलेलं नाही किंवा तेमाकी वळून बराच वेळ झालाय.

---

इगतपुरीकर

माहितीपूर्ण धागा. तांदळाबद्दल भर घालतो, कारण 'आमच्याकडे इंद्रायणीची सुशी' असं अभिमानाने सांगणारे भेटतात.

इंद्रायणी ही आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेली जात, १९८७ ची. आपल्या इगतपुरीच्या पट्ट्यात भरपूर होते. शिजली की चिकट होते, म्हणून रोलला चालते. पण तीन अडचणी. दाणा जपानी तांदळापेक्षा लांब आणि नाजूक, जोरात चोळून धुतला की तुकडे पडतात आणि तुकड्यांचा लगदा होतो. दुसरं, तिचा स्वतःचा सुवास व्हिनेगरशी भांडतो. तिसरं, नवी आणि जुनी इंद्रायणी यांत जमीन-अस्मानाचा फरक. दिवाळीनंतर आलेला नवा तांदूळ चिकट, वर्ष काढलेला जुना बराच मोकळा. सुशीला नवाच घ्यायचा, पाणी एकास दीडच्या आत ठेवायचं आणि कुकरच्या शिट्ट्या अजिबात नकोत.

रोलमध्ये हे सगळं झाकलं जातं, कारण नोरी सगळं बांधून ठेवते. निगिरीत, म्हणजे मुठीएवढा नव्हे, बोटाएवढा भात दाबून वर माशाचा काप ठेवतात त्यात, झाकलं जात नाही. निगिरीतला भात १५ ते २० ग्रॅम. उचलताना सुटू नये आणि तोंडात गेल्यावर शितं आपोआप विखुरली पाहिजेत. इंद्रायणीत हे जमवणं कठीण. हॉटेलात विचारा 'तांदूळ कोणता?' कोशिहिकारी, अकिता कोमाची किंवा नुसतं 'जपानी शॉर्ट ग्रेन' म्हणाले तर ठीक. इंद्रायणी म्हणाले तर रोल मागवा, निगिरी नको. 'बासमती' म्हणाले तर नूडल्स मागवा.

---

तर्रीबाज

कोमट भात, आंबट भात, वर कच्चा मासा. आणि पाहुण्यांना मिसळ खायला नेलं तर म्हणतात तिखट आहे.

खोडसाळपणा बाजूला. एक खरा प्रश्न. ताजा मासा कच्चा चालतो म्हणतात. मग गंगापूर धरणातला, अगदी सकाळी जाळ्यातून काढलेला रोहू का नाही चालत?

---

शीतगृह

@तर्रीबाज, कारण 'ताजा' आणि 'कच्चा खाण्यालायक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोड्या पाण्यातल्या माशांत यकृतात घर करणारे चपटे कृमी आणि फीतकृमी असू शकतात. तासाभरापूर्वी पकडलेल्या माशात ते जास्त जिवंत असतात, एवढाच ताजेपणाचा अर्थ. रोहू, कटला, तिलापिया हे शिजवूनच.

समुद्रातल्या माशांत अनिसाकिस नावाची बारीक पांढरी अळी असते. तिच्यावर उपाय व्हिनेगर नाही, लिंबू नाही, वसाबी तर नाहीच. उपाय गोठवणं. अमेरिकेच्या एफडीएचं कोष्टक असं: उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ वर गोठवून त्याच तापमानात १५ तास, किंवा उणे ३५ वर गोठवून पुढे उणे २० ला २४ तास. घरचा फ्रीजर कागदावर उणे १८, आणि दार दिवसातून वीस वेळा उघडतं. म्हणून घरी गोठवलेल्या माशावर हा हिशेब लावू नका.

यातून निघणारा मुद्दा बऱ्याच जणांना उलटा वाटतो. 'आमचा मासा फ्रोझन नाही, फ्रेश आहे' हे वाक्य सुशीच्या बाबतीत कौतुकाचं नाही. जपानमध्येही टूना मोठ्या प्रमाणावर अतिथंड गोठवलेला येतो. अपवाद शेतीतल्या अटलांटिक सॅमनचा. त्याला गोळी खाद्य देतात, त्यामुळे अळीचा धोका फार कमी, आणि एफडीएही अशा माशाला गोठवण्यातून सूट देते. आपल्याकडच्या हॉटेलांत दिसणारा नारिंगी सॅमन बहुतेक हाच असतो, नॉर्वेचा. गंमत म्हणजे सॅमनची सुशी ही जपानी परंपरा नव्हे. त्यांच्याकडच्या पॅसिफिक सॅमनमध्ये परजीवी असत, म्हणून तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला सॅमन तिथे खपवायला मोहीम चालवली आणि मग तो सुशीवर चढला.

'सुशी ग्रेड' या शिक्क्यावर जाऊ नका. ती कायद्याने ठरवलेली प्रत नाही, विक्रेत्याचा शब्द आहे.

आता गोठवून न सुटणारा भाग. गोठवल्याने अळी मरते, जीवाणू फक्त झोपतात. मासा मुंबईहून येणार. कसारा घाटाने या की समृद्धीने, रस्ता थोडक्यात उरकतो. खरी परीक्षा शेवटच्या टप्प्यावर. माल हॉटेलच्या दारात उतरला, बिलावर सही होईपर्यंत खोका पायरीवर पडला, एप्रिलची दुपार, बाहेर ३९-४० अंश. टूनात अशा वेळी हिस्टामिन तयार होतं. नंतर गोठवा, शिजवा, तळा, ते जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, खाज सुटते, डोकं ठणकतं. लोक 'मला माशाची ॲलर्जी आहे' म्हणून मोकळे होतात. टूना जिभेवर मिरीसारखा चुरचुरला तर तिथेच थांबा.

टेबलावरून दिसणाऱ्या खुणा सांगतो. सॅमनच्या कापाला ओली चमक हवी, चरबीच्या पांढऱ्या रेषा स्पष्ट हव्यात. रेषांच्या जागी भेगा पडून पापुद्रे सुटले असतील तर तो नीट हाताळलेला नाही. कापाखाली पाणी साचलंय म्हणजे घाईत, बाहेर ठेवून वितळवलाय. टूना चेरीसारखा झगझगीत लाल असेल तर हुरळू नका. कार्बन मोनॉक्साइड दिलेला टूना शिळा झाला तरी लालच राहतो. वासाला समुद्राची झुळूक चालेल, बाजाराचा वास चालणार नाही.

गरोदर बायका, लहान मुलं, केमो किंवा प्रत्यारोपणाची औषधं घेणारे यांनी कच्चं टाळावंच. स्मोक्ड सॅमनही त्यात आला, कारण थंड धुरावरचा सॅमन शिजलेला नसतो. त्यांच्यासाठी एबी म्हणजे उकडलेली कोळंबी, उनागी म्हणजे भाजलेली ईल, टेंपुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेलं.

---

पापडखार

वाचनखूण साठवली. ट्रॉलरबंदीत सुशी टाळावी का? १ जून ते ३१ जुलै.

---

शीतगृह

बंदी आपल्या किनाऱ्यावरच्या यांत्रिक मासेमारीला आहे. आयात सॅमनला तिचा संबंध नाही. स्थानिक सुरमई किंवा कोळंबी वापरणाऱ्या जागेत त्या दोन महिन्यांत माल साठवणीतला असणार, आणि कोळंबी नाहीतरी उकडूनच येते. पावसाळ्यात काळजी माशापेक्षा नोरीची करा.

---

कांदेनवमी

शाकाहारी मंडळींसाठी कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मेन्यूवरचा हिरवा ठिपका पुरेसा नाही. पदार्थागणिक विचारावं लागतं.

मिसो सूप: दाशी या पाण्यात करतात, त्यात वाळवलेल्या बोनिटो माशाचे कीस असतात. 'व्हेज मिसो' म्हणाले तर दाशी कोंबूची आहे का विचारा. कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ, चालतं. शिताके मशरूम आणि इनारी, म्हणजे टोफूची गोड पिशवी, हे दोन्ही बऱ्याचदा त्याच दाशीत शिजवतात. टेंपुराच्या पिठात अंडं असू शकतं. मेयोनीज अंड्याचं की बिनअंड्याचं? जपानी बाटलीतलं अंड्याचं असतं. रोलवर नारिंगी मोती दिसले तर ती माशाची अंडी, तोबिको. 'क्रॅब स्टिक'मध्ये खेकडा जवळजवळ नसतोच, पण मासा, स्टार्च आणि अंड्याचा पांढरा असतो. मिरिन ही गोड तांदळाची दारू, सुमारे १४ टक्के अल्कोहोल. ज्यांना थेंबही नको त्यांनी ती घालून केलेला तेरियाकी सॉस टाळावा.

सुरी आणि फळी वेगळी आहे का, हे मात्र विचाराच. सुशीच्या काउंटरवर एकच शेफ, एकच ओलं फडकं, तेच बांबूचं चटईवजा माकिसू. प्लास्टिकची फिल्म गुंडाळलेली चटई असेल तर फिल्म बदलून मिळते. मागायला लाजू नका.

जैन पद्धतीने खाणाऱ्यांना अडचण कांदा-लसणापुरती नाही. सोबत येणारं गुलाबी आलं कंद, वसाबी जमिनीतल्या देठाची, तिच्या नावाखाली मिळणारं हॉर्सरॅडिश मुळाचं, गाजर आणि दाइकोन मुळा तर उघडच. उरतं काय? काकडी, अवोकाडो, शतावरीचे कोंब, ढोबळी मिरची, क्रीम चीज, टोफू. ऑर्डर देताना 'जैन' एवढंच म्हणू नका, 'आलं आणि वसाबी ताटलीत ठेवूच नका' असं म्हणा.

---

तर्रीबाज

काकडीचा रोल म्हणजे सुशी? मग आमची काकडीची कोशिंबीर काय पाप करते? शाकाहारी सुशी हे आपल्याकडचं जुगाड आहे.

---

कांदेनवमी

जुगाड अजिबात नाही. काकडीचा रोल तिकडचाच, कप्पामाकी म्हणतात. आणि कान्प्यो नावाचा रोल टोकियोच्या सुशीघरांत जुना आहे. त्यात काय असतं माहितीये? दुधीभोपळा! आपल्या दुधीच्याच जातीच्या फळाच्या लांब पट्ट्या काढून वाळवतात, भिजवून सोया-साखरेत शिजवतात आणि नोरीत वळतात. तोचिगी प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. (शिजवताना दाशी असते, ते विचारायचंच.) त्यामुळे घरी दुधीला नाक मुरडणाऱ्याला तीनशे रुपयांचा दुधी खाऊ घालायची सोय आहे.

काकडीबद्दल एक बारीक गोष्ट. बिया काढून, पट्ट्या टिपून घ्याव्या लागतात. तसं केलं नाही तर दहा मिनिटांत पाणी सुटतं, आतला भात ओघळतो आणि रोलचं मधलं बूच निसटून सोयाच्या वाटीत पडतं.

---

चिंचगूळ

वसाबीवर येतो. ताटलीच्या कोपऱ्यातली हिरवी गोळी बहुतेक ठिकाणी वसाबी नसतेच. हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग. खरी वसाबी वनस्पतीचा जाड देठ असतो, जेवणाऱ्यासमोर किसतात आणि पंधरा-वीस मिनिटांत तिचा झटका उतरतो. ट्यूबमधल्याचा उतरत नाही.

झटका नाकातच का जातो? आपल्याकडे उत्तर घरात आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसताना पाणी घालून घोटलं की ती नाकात चढते आणि क्षणात डोळे भरतात. दाणा अख्खा असतो तोवर काही नाही. फोडून ओलं केलं की आतला घटक तयार होतो, आणि तो हवेत उडणारा आहे. वसाबीत तोच घटक. मिरचीचा जाळ जिभेवर बसून राहतो, पाणी प्यायलं की पसरतो. हा दहा सेकंदांत जातो. चढलाच तर पाणी नको, तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. चण्याएवढी गोळी तोंडात टाकणाऱ्या शूरवीरांनी हे आधी वाचावं.

वसाबी सोयात कालवून हिरवा चिखल करतात. रोलसोबत चालवून घेतात, पण निगिरीत शेफने भात आणि माशाच्या मधे वसाबी आधीच लावलेली असू शकते, मग दुप्पट होते. निगिरी आडवी करून माशाची बाजू सोयाला टेकवायची. भाताची बाजू बुडवली की भात स्पंजासारखा सोया पितो, खारट होतो आणि वाटीतच फुटतो. सोयात गहू असतो. ग्लुटेन चालत नसेल तर तामारी, म्हणजे बहुधा बिनगव्हाचा सोया, मागा, आणि त्याच्याही बाटलीवर वाचा.

गुलाबी आलं हे तोंडीलावणं नाही. एक चव संपवून दुसरीकडे जाताना जीभ पुसायला असतं. तुकड्यावर ठेवून खाल्लं तर माशाचे पैसे वाया. रंगाचं म्हणाल तर कोवळं आलं व्हिनेगरात पडलं की फिकट गुलाबी होतं. भडक गुलाबी असेल तर बाटलीतला रंग.

काड्या (चॉपस्टिक्स) जमत नसतील तर निगिरी सरळ हाताने खा. जपानमध्येही ते शिष्टसंमत आहे. काड्यांचे दोनच नियम मात्र पाळा. भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत. तिकडे मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात तशा रोवतात. आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. रामकुंडावर पिंड आणि अस्थी पाहिलेल्या नाशिककराला याचं कारण वेगळं समजावायला नको.

---

पापडखार

चार जणांनी पहिल्यांदा जायचं तर मागवायचं काय आणि किती? आणि घरपोच मागवली तर?

---

गोदाघाट

आधी तुकड्यांची संख्या विचारा. मेन्यूत भाव असतो, नग नसतात. बारीक होसोमाकीचे सहा तुकडे, भात बाहेर असलेल्या उरामाकीचे आठ, निगिरी बहुधा दोन. काही जागी 'हाफ' म्हणून चार. एका उरामाकीत भात साधारण १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे आपली एक वाटी. साखर-व्हिनेगरचा भात लवकर पोट भरतो. चौघांना पाच उरामाकी आणि एखादं गरम काही, एवढं रग्गड. सुरुवातीला सगळं एकदम मागवू नका. तीन रोल सांगा, भात बघा, मग पुढचे.

क्रम हलक्याकडून जडाकडे. काकडी-अवोकाडो, मग सॅमन किंवा टूना, मग भाजलेली ईल, आणि सॉस ओतलेले रोल सगळ्यात शेवटी. मेयोनीज आणि गोड सॉस एकदा जिभेवर बसले की पुढे साधा सॅमन फिकाच लागणार. टेंपुरा रोल मात्र आला की लगेच संपवा. गरम तळणाची वाफ भातात कोंडते आणि पाच-सात मिनिटांत कुरकुरीतपणा जातो.

एका बाजूने शेफचं काम बघता येत असेल तर त्याची सुरी बघा. प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्यावर पुसतोय का? कोरडी सुरी भात ओढते, नोरी चिरडते, आणि गोल रोलचा अश्रूच्या थेंबासारखा आकार होतो. ताटलीतले आठही तुकडे एका उंचीचे आणि गोल असतील तर बाकी गोष्टीही बहुधा शिस्तीत आहेत.

एक मागणी करू नका: 'भात कमी आंबट करा.' व्हिनेगर चवीपुरतं नसतं. त्याने भाताची आम्लता वाढते, पीएच ४.६ च्या खाली जातो, आणि म्हणूनच तो भात काउंटरवर काही तास सुरक्षित राहतो. साधा भात तसा ठेवला तर त्यात बॅसिलस सेरियस हा विषबाधा करणारा जीवाणू वाढतो. आंबटपणा झेपत नसेल तर सुशी सोडून दुसरं काही खा.

घरपोच: नोरी बाहेर असलेले रोल आणि तेमाकी नको, उरामाकी त्यातल्या त्यात टिकते. कच्चा मासा उन्हाळ्यात दुपारी मुळीच नको. शिजलेलं किंवा शाकाहारी मागवा, सोया-सॉस वेगळे बांधून घ्या, आणि उरलं तर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी खायचा विचार सोडा.

---

द्राक्षवेल

सोबत काय प्यायचं याला नाशिककराने दूर बघायची गरज नाही. इथली सॉव्हिन्यॉ ब्लाँ ही पांढरी वाइन, ८ ते १० अंशांवर गार. तिचा आंबूसपणा व्हिनेगरच्या भाताला सांभाळून घेतो. सुलाने ही आणि शेनिन ब्लाँ २००० साली बाजारात आणल्या. शेनिन किंचित गोडसर असते, ती तिखट मेयोच्या रोलांना बरी. टेंपुराला ब्रूट स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची कोरडी वाइन. बुडबुडे तेल कापतात. लाल वाइन नको. तिच्यातलं लोह माशाच्या तेलाशी जुळत नाही आणि तोंडात लोखंडी, माशाळ चव राहते. 'वाइन खराब आहे' म्हणून बाटली परत करू नका, जोडी चुकली आहे. न पिणाऱ्यांना बिनसाखरेचा ग्रीन टी. कोला नको, भातात आधीच साखर आहे.

---

हिशेबनीस

बिलाचे चार मुद्दे. स्वतंत्र हॉटेलात जीएसटी ५ टक्के. दिवसाला ७,५०० रुपयांवर खोलीभाडं असलेल्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. दारूवर जीएसटी लागत नाही, तिचा व्हॅट वेगळा. दोन्ही एकत्र बेरजेवर लावलंय का तपासा. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे: ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की तो आपोआप बिलात घालता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. काढायला सांगा, नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिलावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे.

आणि 'अनलिमिटेड सुशी' असेल तर अटी वाचा. उरलेल्या तुकड्यांचे वेगळे पैसे लावतात, वेळ बांधलेली असते. तिथे भात जास्त आणि मासा कमी हे ठरलेलं गणित.

---

तर्रीबाज

बरं, पटलं. जाऊन बघतो. पण एक राहिलं. ती होडीसारखी असते, बाजूने नोरी आणि वर माशाची अंडी किंवा चिरलेला सॅमन. ती आडवी केली तर माल सांडणार. मग सोया लावायचा कसा?

---

चिंचगूळ

गुंकन म्हणतात तिला, म्हणजे युद्धनौका. उलटी करायची नाही. गुलाबी आल्याचा एक काप काडीत धरा, सोयात टेकवा आणि ब्रशसारखा वरून एकदा फिरवा. मग होडी सरळ उचलून एका घासात. नोरी मऊ पडायच्या आत, म्हणजे फोटो नंतर.

---

तर्रीबाज

फोटो खाऊन झाल्यावर कसला काढणार?

---

चिंचगूळ

दोन होड्या येतात.